फुटामागे इंच

जब्बारभाईंनी कॉम्प्युटर आणला तेव्हा भिवंडीच्या निजामपुऱ्यातली अर्धी गल्ली तो बघून गेली, आणि एवढ्या पैशात कापड विणायची एखादी जुनी लूम आली असती असं बहुतेकांचं मत पडलं. पहिल्या महिन्यात जब्बारभाईंचं स्वतःचं मतही तेच झालं होतं, पण ते त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. त्यांचा धंदा कापडावरच्या नक्षीचा. साडी, चादर, पडद्याचं कापड, ज्याला जी फुलं-पानं हवीत ती कागदावर काढायची, त्यातले रंग एकेक करून वेगळे करायचे आणि छापणाऱ्याच्या हवाली करायचे. लूमच्या गल्लीतल्या माळ्यावरच्या त्या दोन खोल्यांना सगळे डिझाइनचा कारखाना म्हणत.

तिथलं सगळ्यात जुनं माणूस मंदा. लग्नाआधीपासून ती तिथे ब्रश चालवत होती आणि आता तिची मुलगी दहावीला होती. वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवरची पिंपळपानंही तिनेच रंगवलेली. कॉम्प्युटरवर कुणाला बसवायचं असा प्रश्न आला तेव्हा जब्बारभाई म्हणाले, "मंदा, तूच बस. काही बिघडलं तर तुझ्यावर मला ओरडता येतं. दुसऱ्यावर ओरडलो तर तो काम सोडून जाईल." ही त्यांची कौतुक करायची पद्धत. मंदा कल्याणला जाऊन क्लास करून आली, माउस हातात धरायला शिकली, आणि वर्षभरात तिची त्या पेटीशी बऱ्यापैकी गट्टी जमली.

वैताग होता तो विजेचा. आजूबाजूच्या लूम सुरू झाल्या की व्होल्टेज धाडकन खाली यायचं, पडदा एकदा डोळा मारायचा आणि सकाळपासूनचं काम गायब. म्हणून मोठं काम मंदा शुक्रवारी काढायची. शुक्रवारी भिवंडीतल्या लूम बंद. खटखटाट थांबला की माणसाला स्वतःचा आवाज मोठा वाटायला लागतो, आणि वीजही शहाण्यासारखी वागते. तिने त्याबदल्यात रविवारची सुट्टी घेतली होती, नवऱ्यालाही ते सोयीचंच होतं.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात सिराजशेठ माळ्यावर चढून आले. ते लूमवाले, कारखान्याचं जुनं गिऱ्हाईक. काल्हेरच्या बाजूला त्यांचा नवा बंगला उभा राहत होता. कुठल्याशा हॉटेलात त्यांनी अख्ख्या भिंतीवर धबधब्याचं चित्र लावलेलं पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तसलं काहीतरी आपल्या हॉलमध्ये पाहिजेच हे त्यांच्या डोक्यात बसलं होतं. मुंबईत एक प्रेस होती, भिंतीच्या मापाचा कागद छापून देणारी, पण चित्राची फाइल ज्याची त्याने तयार करून आणायची.

"धबधबा नको," सिराजशेठ म्हणाले. "आपली खाडी पाहिजे. आपला मचवा." आणि त्यांनी खिशातून पाकीट काढून पोस्टकार्डाएवढा एक रंगीत फोटो टेबलावर ठेवला.

फोटोत भरतीची खाडी होती, उजवीकडे अगदी कडेला घराण्याचा शिडाचा मचवा, मागे ताडाची झाडं आणि डावीकडे दगडी धक्का. धक्क्यावर एक माणूस उभा होता. उभा म्हणजे नुकताच आलेला. एक पाय पुढे, लुंगी गुडघ्यापाशी धरलेली, उजवा हात समोर लांब केलेला. तो हात हलत होता म्हणून फोटोत पुसट उमटलेला.

"अब्बा," सिराजशेठ म्हणाले. "कुवेतवाला चुलता मचव्याचा फोटो काढत होता, हे मध्येच आले. त्यांना काढून टाकायचं मंदाताई. हॉलमध्ये नमाज होते, चार बुजुर्ग येऊन बसतात. भिंतीवर माणसाची तस्वीर नको. भिंत बारा फूट बाय नऊ फूट. मचवा मात्र पुरा पाहिजे." अब्बांना, म्हणजे हाशिमशेठना, जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. सिराजशेठचं सांगणं स्पष्ट होतं, आणि मंदाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्याचं घर, त्याची भिंत.

काम दिसायला सोपं होतं. फोटो लांबट आणि भिंत त्यामानाने आखूड, त्यामुळे उंची बरोबर बसवली की रुंदीला फोटोतला दीड फूट तसाही उरत होता. मचवा उजव्या कडेला धरून ठेवला की तो उरलेला दीड फूट डावीकडून जाणार, आणि हाशिमशेठ नेमके त्या दीड फुटात. मंदाने पडद्यावर उभी रेघ मारली. डोकं, छाती, पाय सगळं रेघेच्या बाहेर पडलं. राहिला तो हात. कोपरापासून पुढचा हात रेघ ओलांडून पाण्यावर आला होता.

ते शुक्रवारचं काम होतं आणि मंदा खाली मान घालून तेच करत बसली होती, तेव्हा जिन्यावर कुणी धापा टाकत चढल्याचा आवाज आला. जुबैदाचाची, सिराजशेठची आई. उंच, हाडापेराने मोठी बाई. दारात उभी राहिली की दार भरायचं. जब्बारभाईंच्या घरी येणं-जाणं होतं म्हणून मंदा तिला ओळखत होती, पण माळ्यावर ती कधी आली नव्हती.

"सिराजला सांगू नकोस मी आले ते," स्टुलावर बसत ती म्हणाली. "यांना काढतेस ना? म्हटलं बघून घ्यावं एकदा मोठं. तुझ्या या पेटीत मोठं दिसतं म्हणे."

मंदाने फोटो मोठा करून दाखवला. चाची पडद्याला नाक लागेल इतकी पुढे वाकली. मग म्हणाली, "यांचा दुसरा फोटो न्हाय आमच्याकडे. पासपोर्टावर हाय, पण त्यात नुसतं तोंड, ते पण चोरासारखं. अख्खे हे एवढेच. सिराज बोलतो ते खोटं न्हाय हां. मी पण तिथंच नमाज पडणार. माझं मन नमाजीत ऱ्हायला पाहिजे, भिंतीवर जाऊन चालेल काय?"

"चाची, छापताना आम्ही कडेला जादा सोडतो," मंदा म्हणाली. "भिंतीवर लावून झालं की तो भाग कापून टाकतात. ते बरोब्बर त्या भागात येतात."

"कापलेलं कोण घेतं?"

"कुणी नाही. टाकून देतात."

"मग मला दे," चाची लगेच म्हणाली, जणू तेवढ्याचसाठी जिना चढून आली होती. "मी गुंडाळून कपाटात ठेवीन. भिंतीवर न्हाय, कपाटात. त्यात कुणाचं काय जातं?"

कुणाचं काहीच जात नव्हतं. मंदाने मान हलवली, पण मग तिला हाताचं सांगावंच लागलं. हात रेघेच्या आत येतो. तो भिंतीवर जाऊ द्यायचा तर कापताना हाशिमशेठ कोपरापाशी तुटणार आणि नुसता हात भिंतीवर राहणार. नाहीतर हात आत्ताच पुसायचा आणि तिथे पाणी भरायचं.

चाचीने पडद्यावरच्या त्या पुसट हाताला बोट लावलं. "मला बोलवत होते," ती म्हणाली. "मी फोटोवाल्याच्या पाठी उभी होती, मचव्याची गंमत बघत. हे घरातून आले नि तिथनंच हात केला. सगळ्या लोकांत नाव घेऊन हाक मारायचे न्हाय, लाजायचे. आयुष्यभर असा हातच करायचे." मग ती सरळ बसली. "भिंतीवर नुसता हात बरा दिसेल काय? येणारा-जाणारा घाबरेल. पूस."

"पुसू?"

"पूस म्हटलं ना. बाकीचे तर मिळतात."

ती तिथे बसली असताना मंदाने पुसायला सुरुवात केली नाही. चाची गेल्यावर केली. शेजारचं पाणी उचलायचं, हातावर ठेवायचं, पुन्हा उचलायचं, पुन्हा ठेवायचं. पाण्याला पाणी जुळेना, ठिगळ लावल्यासारखं दिसायचं, मग परत पहिल्यापासून. संध्याकाळपर्यंत खाडीवर हाताची खूण उरली नाही. काम चांगलं झालं होतं आणि मंदाला अजिबात बरं वाटत नव्हतं. आपणच रेघ इतकी घट्ट का मारली असं तिला उगाच वाटत राहिलं, पण भिंत बारा फूट म्हणजे बारा फूट.

शेवटी फाइलला माप द्यायचं होतं. जब्बारभाई चहाचा कप घेऊन पाठीमागे उभे होते. मंदाने हिशेब केला, आकडे टाकले, जब्बारभाईंनी ते वाचले, मान डोलावली. एवढी मोठी फाइल फ्लॉपीत मावणं शक्यच नव्हतं. म्हणून जब्बारभाईंनी दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरची हार्ड डिस्कच काढून घेतली, नव्या टर्किश टॉवेलात गुंडाळली आणि नवजात नातू मांडीवर घ्यावा तशी धरून मुंबईच्या प्रेसला घेऊन गेले. वाटेत बसमध्ये कुणी त्यांना, यात काय आहे, असं विचारलं, तर म्हणाले, खाडी.

कागद छापून आला तो पाच लांब पट्ट्यांत, पुठ्ठ्याच्या नळकांड्यात घालून. काल्हेरचा काळूराम रंगारी खळ घेऊन आला. जब्बारभाई आणि मंदाही बंगल्यावर पोचले, पहिलंच असलं काम, हौसही होती. सिराजशेठ हॉलमध्ये आणि चाची आतल्या दारात खुर्ची टाकून. काळूरामने पट्टे फरशीवर शेजारी शेजारी उलगडले. मचवा आला, ताडं आली, पाणी आलं. सगळ्यात शेवटी त्याने पहिला, डावीकडचा पट्टा उलगडला.

सिराजशेठ चपला घालून कागदाच्या कडेशी उभे होते. कागद उलगडत उलगडत त्यांच्या पायापर्यंत आला आणि त्यांनी एकदम पाय मागे घेतला. फरशीवर अब्बा होते. पुरे, हाडामांसाच्या माणसाएवढे. सिराजशेठनी चपला काढून दाराबाहेर ठेवल्या आणि परत आले.

"मी काढायला सांगितलं होतं," ते मंदाला म्हणाले.

"भिंतीवर येणार नाहीत," मंदा म्हणाली. "ती बघा कापायची खूण. हा भाग जाणार आहे."

"मी मागून घेतलाय," दारातून चाची म्हणाली. सिराजशेठनी आईकडे पाहिलं. राग यायला हवा असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं, पण तो काही येत नव्हता.

तो यायला काळूरामने वाट करून दिली. खुणेपासून उजव्या कडेपर्यंत टेप लावून तो म्हणाला, "शेठ, ह्ये बारा न्हाय. ह्ये तेरा हाय. उंचीला बी नवाच्या वर पाऊन फूट हाय."

परत मोजलं, तरी तेराच. सगळे मंदाकडे बघायला लागले. त्याच क्षणी मंदाला कळलं की तिने काय केलं होतं. तिने कापडाचं माप दिलं होतं. कापड धुलाईला गेलं की आटतं, म्हणून नक्षी नेहमी जादा धरायची, फुटामागे इंच. इतकी वर्षं हात तेच करत आलेला. बारा फुटांना बारा इंच, नऊ फुटांना नऊ. तिने आकडे टाकताना विचारसुद्धा केला नव्हता.

"फुटामागे इंच धरला," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार होती?

जब्बारभाईंनी मग गिऱ्हाइकासमोर करायचं ते केलं. आवाज चढवला. "अगं, कागद आटतो काय? पाण्यात घालणार हायत काय हे? एवढी अक्कल नको माणसाला?" त्यांनी स्वतः चहा पिता पिता तोच आकडा वाचला होता, हे त्यांच्या लक्षात होतं आणि मंदाच्याही. सिराजशेठ मात्र तोंड उघडून काही म्हणायला गेले आणि अडखळले. फुटामागे इंच हे त्यांना लहानपणी लूमवर अब्बांनीच शिकवलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे... मी पण तेच सांगितलं असतं." मग लगेच मालकासारखं तोंड करून, "पण आता काय करायचं?"

तेवढ्यात चाची खुर्चीवरून उठून पट्ट्यापाशी आली होती. "काळूराम, जरा उभा धर तो कागद," ती म्हणाली. काळूरामने हाशिमशेठचे पाय फरशीला लागतील असा पट्टा भिंतीला टेकवून उभा धरला, आणि ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. हाशिमशेठचं डोकं तिच्या डोक्याला अगदी बरोबरीनं आलं.

"या अल्ला," चाची म्हणाली आणि तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. "अरे, हे माझ्या कानाला लागायचे! निकाहच्या दिवशी माझ्या बाजूला उभे ऱ्हायले न्हायत, बसूनच घेतलं. आयुष्यभर बाजारात दोन पावलं पुढं चालायचे, लोकांना उंची कळू नये म्हणून." तिला हसू आवरेना. "मंदा, किती धरलंस तू?"

"फुटामागे इंच, चाची."

"आता आटणार न्हायत ना?"

"नाही. कागद आहे."

"बस," चाची म्हणाली आणि डोळे पुसले. "खूश झाले असते."

मग काम मार्गी लागलं. उंचीचा जादा भाग आभाळातून काढायचा ठरलं, आभाळ काय, कुठूनही कापा. रुंदीला एक फूट कमी करायचा होता. मचव्याला हात लावायचा नाही, म्हणजे तोही डावीकडूनच. काळूराम म्हणाला, "खूण हितं हाय, ती एक फूट आत घेऊ. धक्का जाईल, पाणी ऱ्हाईल." सिराजशेठना धक्का गेल्याचं जरा वाईट वाटलं, पण ते कबूल झाले. काळूरामने पट्टी धरली, पातं पाजळलं आणि कापायला खाली बसला.

मंदा बघत होती. पातं हाशिमशेठपासून चांगलं दोन वीत लांबून खाली येत होतं. त्यांच्या अंगाच्या आणि कापाच्या मध्ये पाणी होतं, भरपूर पाणी, एक अख्खा हात मावेल एवढं. आणि तो हात तिने पुसला होता. एक दिवसभर बसून, मन लावून, पाण्याला पाणी जुळवून पुसला होता. माप चुकणारच होतं तर आधी चुकायचं होतं, असं तिला झालं, आणि सगळ्यांसमोर तिचे डोळे भरून आले.

"रडायला काय झालं?" जब्बारभाई घाबरून म्हणाले. "ओरडलो म्हणून? अगं, ते तसंच ओरडायचं असतं."

"ते नाही," मंदा म्हणाली. "चाची, हा तुकडा आत्ता गुंडाळू नका. येत्या शुक्रवारी मी येते."

शुक्रवारी ती आली ती रंगाची पेटी घेऊन. कॉम्प्युटर आल्यापासून ती उघडली नव्हती, दोन बाटल्या सुकून गेल्या होत्या. आतल्या खोलीत, कपाटासमोरच्या फरशीवर चाचीने चादर अंथरली आणि तुकडा त्यावर पसरला. मंदाने फोटो शेजारी ठेवला, पण फोटोतल्या हाताचा काही उपयोग नव्हता. तो हलत होता तो हललेलाच. बोटं किती मिटलेली, पंजा वर की खाली, काही कळत नव्हतं.

"कसा करायचे ते दाखवा," मंदा म्हणाली.

चाचीने आधी उजवा हात पुढे केला, मग नाही म्हणाली, मग डोळे मिटून परत केला. तळवा खाली, चार बोटं स्वतःकडे ओढलेली, करंगळी जरा मागे राहिलेली. "करंगळी वाकायची न्हाय," ती म्हणाली. "जवानीत लूमच्या पट्ट्यात गेली होती." मंदाने ते मनात धरलं. चाची तसाच हात धरून स्टुलावर बसली आणि मंदा गुडघ्यावर बसून रंगवायला लागली. उन्हात रापलेला रंग करायला वेळ लागला, सदऱ्याची बाही छापलेल्या बाहीला जुळवायला त्याहून जास्त. मध्येच सिराजशेठ दारात येऊन उभे राहिले. आईचा हात भरून येतोय हे बघून ते आत आले, आणि तिच्या कोपराखाली त्यांनी आपला तळहात धरला.

"करंगळी आणखी सरळ," थोड्या वेळाने तेच म्हणाले.

मंदाने ती आणखी सरळ केली आणि बाजूला झाली. रंग ओला होता. जवळून पाहिलं तर तो ब्रशचा हात होता आणि बाकीचा माणूस छापलेला, हे कुणालाही कळलं असतं. चाची उठून तुकड्याच्या पलीकडच्या टोकाला गेली, जिथून तो हात समोरून दिसत होता. बराच वेळ बघत राहिली.

मग तिने डोक्यावरची ओढणी नीट केली, आणि आणखी दोन माणसं खोलीत आहेत हे विसरून, घरातल्या घरात बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "आले. आले हो."